मातीचे मुद्दल

व्यापाऱ्याच्या घरात मांजर नवे नाही. बीडचा मोंढा असो, की माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई, कडा यांसारखी गावे. जेथे भुसार मालाची उलाढाल, तेथे गोदामात मांजर असायचेच. त्याला कोणी विकत आणलेले नसे आणि त्याचा खर्च कोणत्याही वहीत पडत नसे. ज्वारी, बाजरी, तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या, थप्प्यांमागे उंदीर होते, आणि म्हणून मांजर होते. मांजराचे आणि माणसाचे नातेच मुळी धान्याच्या कोठारातून जुळले. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करून धान्य साठवू लागला. साठ्याकडे उंदीर वळले आणि उंदरांच्या मागावर रानमांजर वस्तीत आले, असे संशोधक मानतात. सायप्रस बेटावर एका माणसाच्या शेजारी पुरलेले, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मांजराची आणि धान्य साठवणाऱ्यांची ओळख कोणत्याही बाजारपेठेहून जुनी आहे.

एवढ्या दीर्घ सहवासात एक प्रश्न मात्र कधी कोणाला पडला नाही. मांजराला शौचासाठी माती किती लागते, हा तो प्रश्न. पडण्याचे कारणही नव्हते. मराठवाड्यातील जुने घर मातीतच उभे होते. भिंती मातीच्या, डोक्यावर माळवद, मागे परसू, परसात उकिरडा आणि त्यावर चुलीची राख. मांजर पहाटे परसात जाई, पुढच्या पायांनी खड्डा उकरी, काम उरकले की वळून वास घेई आणि माती ओढून सारे झाकून टाकी. त्याला ही स्वच्छता कोणी शिकवलेली नव्हती. पाळीव मांजराचा पूर्वज हा कोरड्या प्रदेशात राहणारा रानमांजर. आपला माग शत्रूला लागू नये म्हणून मळ झाकण्याची सवय त्याच्या रक्तातच उतरली आहे. मांजर माणसाच्या घरात आले, पण ही सवय त्याने उंबऱ्याबाहेर ठेवली नाही.

पुढे घरे बदलली. माळवदाच्या जागी स्लॅब आला, परसूवर फरशी आली, गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. दुकान खाली आणि बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, अशी नवी रचना सर्वत्र दिसू लागली. अशा घरात आज मांजर येते ते गोदामाच्या वाटेने नव्हे. पुण्याला शिकणारी नात सुट्टीत येताना टोपलीत एक पिल्लू घेऊन येते. आजीची कुरकुर दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी तेच पिल्लू आजीच्या पायाशी झोपलेले दिसते. बीड जिल्ह्यात असे घर शोधायला आता लांब जावे लागत नाही.

आणि मग त्या घरात पुढील संवाद होतो.

"आजोबा, मांजरासाठी लिटर मागवायचं आहे."

"किती लिटर?"

नात हसते. लिटर म्हणजे मांजराच्या शौचाच्या पेटीत घालायची माती, असे ती समजावून सांगते. आजोबांना दोन गोष्टींचे नवल वाटते. पहिले म्हणजे माती विकत मिळते. 'मातीमोल' हा शब्द ज्या भाषेत स्वस्ताईची शेवटची पायरी दाखवतो, त्याच भाषेतील माणसांनी माती पिशवीत बांधलेली, वजन केलेली, कुरियरने मागवलेली घ्यावी, हे चटकन पटणारे नाही. दुसरे नवल असे, की आपण अजाणता विचारलेला प्रश्नच खरा होता. मातीची पिशवी किलोत मिळते, पण पेटीतील जागा लिटरमध्येच मोजावी लागते. या दोन मापांचा मेळ न घातल्यामुळेच बहुतेक घरांत माती कमी पडते.

माती विकण्याची ही कल्पना कोणाला सुचली, ती हकिकत व्यापारी घराने ऐकण्यासारखी आहे. १९४७ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅसोपोलिस या लहानशा गावी, एडवर्ड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. तिची वाळू थंडीने गोठली होती, आणि पेटीत राख घातली की मांजराचे काळे पाय घरभर उमटत. लोवच्या घरचा धंदा कारखान्यांतील तेलाचे डाग शोषून घेणाऱ्या पदार्थांचा होता. त्याने वाळूऐवजी आपल्या मुलतानी मातीच्या जातीची दाणेदार वाळवलेली माती तिला दिली. ती पुन्हा मागायला आली, तेव्हा त्याने त्या मातीच्या ५ पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि ६५ सेंट किंमत सांगून एका दुकानदाराकडे नेल्या. वाळू पौंडाला एखाद्या सेंटने मिळत असताना हे कोण घेणार, असा दुकानदाराचा रास्त प्रश्न होता. तर मग फुकट वाटा, असे लोव म्हणाला. ज्यांनी फुकट नेली, ते पुढे पैसे घेऊन परत आले. त्यातून एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. पुढे १९८४ साली टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने ओले होताच गोळा होणाऱ्या मातीचा उपयोग शोधला आणि आज बाजारात दिसणारी गोळा बांधणारी माती प्रचारात आली.

या मातीचे नाव बेंटोनाइट. भारतात ती प्रामुख्याने गुजरात आणि राजस्थानात निघते. कच्छची बेंटोनाइट विशेष प्रसिद्ध आहे. तिचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज आहे. हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी काळी कापसाची जमीन तयार झाली, त्या जमिनीच्या चिकणमातीत याच जातीचे खनिज भरलेले आहे. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसाने त्याच भेगा मिटून पाय रुतू लागतात, ती करामत याच खनिजाची. त्याची रचना खतावणीच्या पानांसारखी एकावर एक असते. पाणी पानापानांत शिरते आणि वही फुगते. मांजराच्या पेटीत हेच घडते. मूत्र पडताच भोवतालचे दाणे फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि ओलावा एका गोळ्यात बंद करतात. बाकीची माती कोरडीच राहते.

मग शेतातली पाटीभर काळी माती आणून का टाकू नये, असे कोणालाही वाटेल. ती बारीक असते, तिच्यात सेंद्रिय अंश, ओल आणि असंख्य सूक्ष्म जीव असतात. ओली झाली की तिचा घट्ट गोळा न होता चिखल होतो आणि तो चिखल मांजराच्या पायांनी गाद्यांपर्यंत येतो. नदीची वाळू ओलावा धरून ठेवत नाही, तो सरळ तळाला जातो. राखेची तक्रार कॅसोपोलिसच्या त्या शेजारणीने करून ठेवलीच आहे. लाकडाचा भुसा ओलावा शोषतो, पण हलका असल्याने घरभर पसरतो. मका, गहू, सोयाबीन यांपासून केलेले दाणेही मिळतात. ते वजनाला हलके असतात; परंतु पावसाळ्यात धान्याला जे किडे लागतात ते या दाण्यांनाही लागू शकतात, हे गोदाम सांभाळणाऱ्याला सांगायला नको. जीवहिंसा टाळू पाहणाऱ्या घराने हा विचार आधीच केलेला बरा.

आता मूळ प्रश्न. पेटीत माती किती असावी?

माळवदाच्या घरात वाढलेल्या पिढीला याचे उत्तर अर्धे ठाऊक आहे. दर उन्हाळ्याच्या अखेरीस माळवदावर नवी माती पसरली जाई. थर पातळ राहिला तर पहिल्याच पावसात घर गळे. माती तीच, पाऊस तोच. फरक थराच्या जाडीचा. मांजराच्या पेटीचेही तसेच आहे. थर पातळ असेल तर गोळा बांधला जाण्याआधीच मूत्र तळाला पोहोचते, प्लास्टिकवर पसरते, तेथे चिकटते आणि खालून सारी माती ओली करते. त्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात, अमोनिया तयार होतो आणि बीडच्या मे महिन्यात हे काम फार वेळ घेत नाही. माणसाच्या नाकाला वास लागण्याच्या कितीतरी आधी तो मांजराच्या नाकाला लागलेला असतो.

गोळा बांधणाऱ्या मातीचा थर सर्वसाधारणपणे ५ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे दोन ते पावणेतीन इंच असावा. हिशेबासाठी ६ सेंटिमीटर धरावेत. पेटीची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी, असे सांगतात. म्हणून ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद पेटी घेऊ. तिचा तळ २,४०० चौरस सेंटिमीटर. ६ सेंटिमीटर थर म्हणजे १४,४०० घन सेंटिमीटर, अर्थात १४.४ लिटर. एक लिटर बेंटोनाइट साधारण ९०० ग्रॅम भरते, असे धरले तर पेटीत सुमारे १३ किलो माती हवी.

हा आकडा ऐकून नात आणि आजोबा दोघेही थबकतात, कारण घरात पिशवी आली आहे ५ किलोची. ती सगळी ओतली तरी थर भरतो सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास, इंचभरही नाही. पिशवी रिकामी झाल्याचे समाधान मिळते, पण थर पातळच राहतो. बहुतेक घरांतील दुर्गंधीचे, मांजराच्या रुसव्याचे आणि 'ही माती काही कामाची नाही' या तक्रारीचे मूळ या एका बेरजेत आहे.

येथे व्यापाऱ्याच्या मनात साहजिकच दुसरी शंका येते. १३ किलो माती एका मांजरामागे म्हणजे उधळपट्टी झाली. रोज थोडी थोडी घातली तर काटकसर होणार नाही का?

नाही होणार, आणि याचे कारण व्यापाऱ्याइतके चांगले कोणाला कळणार? पेटीतील थर हे मुद्दल आहे. रोज खोऱ्याने उचलून टाकला जाणारा गोळा हा खर्च आहे. मुद्दल जागेवर पडून असते, ते संपत नाही. संपतो तो फक्त गोळा. मुद्दल पुरेसे असेल तर रोजचा खर्च आटोक्यात राहतो. मुद्दलच तोकडे ठेवले तर ओलावा तळाला पोहोचतो, गोळा उचलताना फुटतो, त्याचे ओले तुकडे चांगल्या मातीत मिसळतात आणि आठवड्याच्या आत सगळी पेटीच रिकामी करावी लागते. म्हणजे खर्च वाचवण्यासाठी भांडवल कमी केले आणि दर आठवड्याला भांडवलच खर्ची पडू लागले. खेळते भांडवल आवळून चांगला चालणारा धंदा आजारी पाडल्याची उदाहरणे बाजारात कमी नाहीत.

आकड्यांतच पाहू. उदाहरणापुरते धरू, की गोळ्यांबरोबर रोज १५० ग्रॅम माती जाते. पुरेसा थर असलेल्या पेटीत आरंभी १३ किलो घातली आणि जेवढी गेली तेवढी भर घालत राहिले, तर चार आठवड्यांत ४.२ किलो भर पडेल, एकूण १७.२ किलो. चार आठवड्यांनी सारी माती बदलली असे मानले तरी हिशेब येथे संपतो. पातळ थराच्या पेटीत दर आठवड्याला ५ किलो टाकून द्यावी लागली, तर चार आठवड्यांत २० किलो गेली. आणि रोज नेमाने गोळे काढणाऱ्या घरात जाड थर सहा आठवडे टिकला, तर एका बाजूला १९.३ किलो आणि दुसऱ्या बाजूला ३० किलो. काटकसर कोणत्या बाजूला आहे, ते सांगायला मुनीम लागत नाही.

यात पाण्याचा खर्च धरलेला नाही. जेथे नळाचे पाणी दिवसांच्या अंतराने येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या जिल्ह्यात तो आधी धरायला हवा. पातळ थराची पेटी दर आठवड्याला घासून धुवावी लागते, जाड थराची पेटी महिन्या-दीड महिन्याने. मातीत केलेली कंजुषी शेवटी पाण्यातून वसूल होते.

म्हणून जितकी जास्त तितकी चांगली, असेही नाही. थर १० सेंटिमीटरच्या वर गेला की मांजराचे पाय रुततात आणि त्याला उभे राहणे स्थिर वाटत नाही. उकरताना माती पेटीबाहेर उडते आणि झाडूबरोबर जाते. काही मांजरांना, विशेषतः लांब केसांच्या मांजरांना, थोडा कमी थर आवडतो. वयस्क मांजराचे सांधे दुखत असतील तर पेटीची एक बाजू बुटकी हवी आणि थर बेताचा. अगदी लहान पिल्लाला गोळा बांधणारी माती देऊच नये, कारण ते दिसेल ते तोंडात घालते आणि पोटात गेलेली ही माती तेथेही फुगते. त्याला पहिले दोन-तीन महिने कागदाचे किंवा गोळा न होणारे दाणे, इंचभर थरात, पुरे होतात. ज्या मातीचा गोळा होत नाही ती मोठ्या मांजरालाही इतकी खोल लागत नाही, पण ती आठवड्याला पूर्ण बदलावी लागते.

शेवटचा निर्णय गिऱ्हाइकाचा. दोन पेट्यांत वेगवेगळे थर ठेवून मांजर कोणत्या पेटीत जाते, हे आठवडाभर पाहिले की उत्तर मिळते. पेटीच्या काठावर पाय ठेवून उभे राहणे, माती सोडून प्लास्टिकच ओरबाडणे, न झाकता घाईने बाहेर उडी मारणे, ही नापसंतीची लक्षणे आहेत. तशी पेट्यांची संख्याही मांजरांपेक्षा एक अधिक असावी, आणि पेटी त्याच्या खाण्याच्या भांड्यापासून दूर, वर्दळ नसलेल्या पण सहज जाता येईल अशा जागी असावी. सुगंधी माती माणसाला बरी वाटते, मांजराला बहुधा नाही. मातीचा प्रकार बदलायचा झाल्यास जुन्या मातीत नवी थोडी थोडी मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावी.

एवढ्या बारकाव्यांत शिरण्याचे कारण केवळ माती नव्हे. पेटी नापसंत झाली की मांजर दुसरी मऊ, कोरडी जागा शोधते. कधी ती घडी घातलेली गोधडी असते, कधी दुकानातील रिकाम्या बारदानाचा ढीग, आणि कधी आजीचे सामायिकाचे आसन. त्या दिवशी घरात जे बोलले जाते ते ठरलेले असते. मांजर मुद्दाम करते, मांजर कृतघ्न आहे, हे जनावर घरात नको. सायंकाळी गडी बोलावला जातो, मांजर पोत्यात घातले जाते आणि मोटारसायकलवरून गावाबाहेर, एखाद्या जिनिंगच्या कुंपणापाशी किंवा महामार्गाच्या कडेला सोडले जाते. घरात वाढलेल्या मांजराला ना शिकार येते, ना तेथील कुत्र्यांची ओळख असते. प्राण्याला उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा अवस्थेत सबळ कारणाशिवाय सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, ही गोष्ट दुय्यम. पांजरपोळाची पावती दरवर्षी न चुकता फाडणाऱ्या घरातून एक जीव दोन इंच मातीअभावी रस्त्यावर जावा, ही गोष्ट पहिली.

पेटीबाहेर जाण्यामागे कधी आजारही असतो, आणि तो ओळखण्याची सोयही पेटीतच आहे. पुरेशा थरात प्रत्येक वेळचा गोळा वेगळा आणि अखंड निघतो. रोज किती गोळे निघाले, केवढे निघाले, हा मांजराच्या प्रकृतीचा रोजमेळ होय. गोळे एकाएकी मोठे आणि अधिक होऊ लागले, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. बोका वारंवार पेटीत जाऊन कुंथतो आणि गोळा एकही निघत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता असते. तेव्हा उद्यावर न ढकलता त्याच क्षणी पशुवैद्यक गाठावा लागतो. दिरंगाई झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पातळ थरात सगळे एकत्र होऊन चिखल होतो आणि रोजमेळाचे पानच पुसले जाते.

सून गर्भवती असल्याचे कळले की मांजर बाहेर काढण्याची दुसरी वेळ येते. भीतीला आधार आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि तो गर्भाला घातक ठरू शकतो. परंतु तो विष्ठेत पडल्याबरोबर संसर्गक्षम नसतो, त्याला साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून गर्भवतीने पेटीला हात लावू नये, आणि घरातील दुसऱ्या कोणीतरी ती रोज, न चुकता, स्वच्छ करून हात साबणाने धुवावेत. अधिक शंका असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पेटीचे काम मुलाने किंवा सासऱ्याने उचलले तर घरातून कोणालाच जावे लागत नाही, आणि सुनेलाही आपली काळजी घेतली जात असल्याचे दिसते.

उचललेल्या गोळ्यांचे काय करावे, हा प्रश्नही माती घालण्याइतकाच महत्त्वाचा आहे. बेंटोनाइट संडासात किंवा गटारात कधीही टाकू नये. ती पाण्याने फुगते आणि नळीत घट्ट बसते. कागदात बांधून, कोरडी, कचऱ्यात द्यावी. मांसाहारी प्राण्याची विष्ठा असल्याने भाजीच्या वाफ्यात किंवा तुळशीच्या कुंडीत तिला जागा नाही. साधूंच्या पाच समित्यांत शेवटची, उत्सर्ग किंवा परिष्ठापनिका समिती, मलमूत्रादी टाकाऊ वस्तू कोणत्याही जीवाला बाधा होणार नाही अशा ठिकाणी, पाहून आणि जपून टाकण्याविषयीच आहे. टाकून देणे हीदेखील विवेकाने करण्याची क्रिया आहे, हे ज्या परंपरेने इतके स्पष्ट सांगितले, तिच्यातील घराला मांजराची पेटी हे हलके काम वाटू नये.

मांजराच्या आहाराचा प्रश्न जैन घरात याहून अवघड आहे. दूध-पोळीवर मांजराचे शरीर निभत नाही, त्याला लागणारे टॉरिन मांसातून मिळते. म्हणून मांजर घरी आणण्यापूर्वीच त्याचे खाणे काय असेल, यावर सर्वांनी बसून बोलावे. एकदा आणल्यावर मात्र त्याचा निसर्ग त्याच्यासह स्वीकारावा लागतो. मांजर आपला मळ झाकू पाहते, हा त्या निसर्गाचा सर्वांत सभ्य भाग आहे. माणसाने त्याच्या पायाखालची जमीन फरशीने झाकली. तेव्हा झाकण्यापुरती माती त्याला परत देणे, एवढेच माणसाकडे उरते.

आजोबांनी अखेर जे केले ते कोणत्याही घराला करता येईल. त्यांनी पेटीच्या आतल्या बाजूस, तळापासून ६ सेंटिमीटरवर, शाईपेनाने एक रेघ मारली. पहिल्या वेळी रेघेपर्यंत माती भरली. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी गोळे काढायचे, मोजायचे, पेटी हलवून थर सारखा करायचा आणि रेघ उघडी दिसली की ती झाकेपर्यंत भर घालायची, असा नेम ठरला. पिशवीचे तोंड सुतळीने बांधून ती कोरड्या जागी ठेवायची, कारण पावसाळ्यात ही माती हवेतील ओलही पिऊन घेते. आजीने सांगितले, तेवढी रेघ जरा ठळक मारा, चष्म्याशिवाय दिसायला हवी.